कुऱ्हाडी ठेवायची जागा

आमच्याकडे माणूस घराबाहेर पडला की त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असायची. जंगलात जायचं असो, चामोर्शीच्या बाजाराला जायचं असो की मुलगी पाहायला, डोक्यावरच्या दुपट्ट्यासारखी ती अंगावरच असायची. तिच्याकडे कोणाचं लक्षही जात नसे. फक्त गोऱ्या बाईच्या दवाखान्यात ती आत न्यायला मनाई होती. फाटकाशी, कडुलिंबाच्या खाली दोन मेढी रोवून त्यांवर एक आडवा बांबू बांधलेला होता. येणाऱ्याने कुऱ्हाड त्या बांबूला अडकवायची आणि मग आत जायचं. ताप आलेला असो, विंचू चावलेला असो, बाई ओट्यावरून आधी एवढंच म्हणायची, "कुऱ्हाडी तिथी ठेवा जी. मंग या." ती कुठल्या तरी थंड देशातून आली होती आणि मराठी आमच्याच बायकांकडून शिकली होती, त्यामुळे तिच्या तोंडी पुस्तकातला एकही शब्द नव्हता. त्या बांबूला आमच्या बापांच्या कुऱ्हाडी घासून घासून गुळगुळीत खाचा पडल्या होत्या. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात मी मारणाऱ्यांत होतो, आणि आम्ही जिथे थांबलो ती जागा हीच.

दवाखाना आमच्यासाठी बांधलेला नव्हता. तो बंगाल्यांसाठी होता. आमचं गाव तलावाच्या एका अंगाला आणि त्यांची वस्ती दुसऱ्या अंगाला. आम्ही तिला कॅम्प म्हणत असू. सरकारने त्यांना ट्रकांत भरून आणून जंगल तोडलेल्या जमिनीवर उतरवलं होतं. त्यांच्या मुलखात त्यांच्या धर्माची माणसं थोडी होती, घरं जाळली गेली, म्हणून ती पळून आलेली. त्यांच्यामागे परदेशातल्या एका संस्थेने दुधाची भुकटी, घोंगड्या आणि ही बाई पाठवली. दवाखान्याच्या कौलांवर मोठी लाल फुली रंगवलेली होती आणि फाटकावर संस्थेचं पांढरं निशाण असायचं. बाई आम्हालाही तपासायची, माझ्या बहिणीचं बाळंतपण तिनेच केलं. पण भुकटी कॅम्पालाच मिळायची. "त्याइले सगळं फुकटात, आन आमी का आभाळातून पडलो?" हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की ते कोणी पहिल्यांदा म्हटलं असेल असं वाटतच नाही.

बाप मी लहान असतानाच गेला होता. घरात माय, मी आणि दशरथकाका, बापाचा धाकटा भाऊ आणि मासेमार सोसायटीचा अध्यक्ष. आमच्या घराचा म्हणून जो आवाज मला आठवतो तो म्हणजे दोर वळण्याचा. जाळी नायलॉनची झाली होती, तरी दोर अजून अंबाडीचाच असायचा, आणि माय पाय पसरून मांडीवर अंबाडीचे पेळू वळत बसली की तळव्याचा सर्र सर्र आवाज यायचा. त्याच आवाजात मला झोप लागायची. चुलीवर झिंग्यांचा झणझणीत रस्सा, मडक्यात आंबील, आणि दारात सुकत घातलेल्या बोटऱ्यांचा, त्या बारक्या माशांचा वास. पावसाळ्यात अंबाडीचा पाला भाजीला आणि दिवाळीनंतर तिचे दांडे कापून पाण्यात कुजत घालायला. दगडाखाली बुडवून ठेवले की साल सुटते आणि आत पांढरा धागा मिळतो. पण कुजत्या अंबाडीने पाणी काळं होतं, त्यातला जीव गुदमरतो. म्हणून ती कधीही तलावात घालायची नाही, गावामागच्या बोडीत, त्या लहानशा डबक्यातच घालायची, हा आमच्याकडचा नियम. तो कोणी शिकवत नसे. पोरगं पोहायला शिकतं तसं ते हे शिकायचं.

कॅम्पातल्या हारानकाकांचा मुलगा शिबू माझ्याच वयाचा. आमची ओळख तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर झाली आणि तिथेच राहिली. हारानकाकांचं जाळं गोल होतं, फेकायचं. कडेला त्यांनी स्वतः साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळ्या. ते कमरेतून असे वळायचे की जाळं हवेत ताटासारखं उघडायचं आणि पाण्यावर एकदम टेकायचं. मला ते जमायला एक अख्खा उन्हाळा गेला. माझं जाळं डोंग्यासारखं लांबडं पडायचं आणि शिबू पोट धरून हसायचा. "रामू, मछली बोल रही है, जागा दे, मी पण बसते!" हारानकाका जाळं विणता विणता त्यांच्या मुलखातल्या गोष्टी सांगत. घर जळालं तेव्हा मशाल कोणाच्या हातात होती, तर ज्याच्याकडे ते मीठ घ्यायला जायचे त्याच्या. "त्याने मला बोलला, हारान, तू लौकर भाग, मला लाज वाटते," असं सांगून ते हसायचे. मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. तिथे ते हिंदू म्हणून पळाले. इथे आम्ही सगळे हिंदू, आमच्या आणि त्यांच्या देव्हाऱ्यात बहुतेक देवही तेच, तर इथे ते बंगाली झाले.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. आणि त्याच वर्षी तलावाचा ठेका अर्धा कॅम्पाला द्यायचा असं वरून ठरून आलं. काका तालुक्याला दोनदा जाऊन आला आणि दोन्ही वेळा हात हलवत परतला. दिवाळी झाली, अंबाडी कापून दारात पडली, आणि बोडी कोरडी ठणठणीत. मायने चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "बापू, त्या खालच्या कोपऱ्यात ठेवू. थोडीशीच हाये. काई होत नाई." आम्ही मायलेकांनी भारे तलावाच्या कोपऱ्यात बुडवले, वर दगड ठेवले. आम्हाला पाहून आणखी दोन घरांनी तेच केलं. कोणी कोणाला विचारलं नाही. मग आभाळ भरून आलं, पण पडेना. वारा बंद झाला. तलावात आधीच गुडघाभर कमी पाणी.

एके सकाळी मासे वर आले. रोहू, कतला, चिखलात राहणारी मरळसुद्धा, पांढरी पोटं वर करून, पाळीपासून पाळीपर्यंत. काही अजून तोंड उघडून हवा गिळत होते. सगळं गाव पाळीवर जमलं. बायका रडत होत्या. मग तो वास माझ्या नाकात गेला. तो ओळखणार नाही असा माणूस आमच्या गावात नव्हता. कुजलेल्या अंबाडीचा वास. काका पाळीवर उभा राहून ओरडत होता, "जहर टाकलं बंगाल्यायनं! अर्धा ठेका भेटला, आता अख्खा पाह्यजे त्याइले!" मी गर्दीतून पुढे गेलो, त्याच्या बाहीला धरलं आणि म्हणालो, "काका, जहर नाई. आपले भारे हायेत तिथी. मी अन मायनं टाकले." लोक ऐकत होते. मी हळू बोललो नव्हतो. काकाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा थकल्यासारखं पाहिलं.

"मले नाक नाई का बे?" तो म्हणाला. "चूप ऱ्हाय."

मी अजूनही त्या वाक्यापाशी येऊन थांबतो. इतकी वर्षं मी ऐकत आलो की माणसं अफवेने भडकतात, त्यांना खरं कळलं तर ती थांबतील. माझ्या गावाला खरं माहीत होतं. मी ते मोठ्याने सांगितलंही होतं. ते ऐकून आजूबाजूच्या माणसांनी फक्त नजर दुसरीकडे वळवली, आणि मग मीही वळवली.

तेवढ्यात हारानकाका आले. एकटेच, खांद्यावर जाळं. वस्तीतून त्यांना मेलेले मासे दिसले होते आणि ते धावत आले होते. गर्दी का जमलीय हे त्यांना कळलंच नसावं. "दशरथदादा, ये तो सडा हुआ अंबाडी है!" ते लांबूनच ओरडले. "आमच्या देशात पाट, म्हणजे ताग, सडवते, तवा पण असाच होते. चलो, निकालो, आधी निकालो!" त्यांनी तडफडणाऱ्या माशांवर जाळं फेकलं, त्यांना वाचवून सांडव्याजवळच्या चांगल्या पाण्यात सोडायचं त्यांच्या मनात असावं. मग जाळं तसंच पाण्यात सोडून ते कोपऱ्यात शिरले आणि दगड बाजूला करून भारे ओढू लागले. एक भारा त्यांनी पाळीवर आणून टाकला. काळा, गळका. त्याला मायने बांधलेली गाठ होती. दुसरा भारा घेऊन ते वाकले तेव्हा काकाने डोंग्यातलं वल्हं उचललं आणि त्यांच्या मानेवर घातलं.

ते गुडघ्यांवर बसले. त्यांनी मागे वळून पाहिलं, तोंडावर अजून काहीतरी समजावून सांगायचा भाव होता. दुसरा घाव कोणी घातला मला आठवत नाही. काका ओरडला, "सगळ्यायनं! एकेकानं! उद्या कोणी म्हणन मी नोयतो!" वल्हं हातातून हातात फिरू लागलं. माणसं पुढे येत, मारत, आणि पुढच्याकडे देत. बरगडीचा आवाज वाळक्या बांबूसारखा येतो. माझ्या हातात वल्हं आलं तेव्हा ते ओलं होतं. "काय पाहून राह्यला बे?" कोणीतरी म्हणालं. मी मारलं, पाठीवर. जपून मारलं असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. जपून मारलं नव्हतं. एकदाचं होऊन जावं म्हणून जोरात मारलं होतं.

मग त्यांना पाळीवर तसंच टाकून आम्ही कॅम्पाकडे गेलो. भर दुपार होती. कॅम्पात एरवी संध्याकाळी दिवा लावताना शंख वाजायचा आणि बायका जिभा हलवून तो लांबच लांब स्वर काढायच्या. लहानपणी तो ऐकला की आम्ही घरी परतायचो. त्या दुपारी शंख वाजला तो थांबेचना. गवताची छपरं सणासणा पेटली. धानाच्या कणग्या पेटल्या आणि लाह्या फुटल्यासारखा आवाज आला, जळक्या भाताचा वास सुटला. दाव्याला बांधलेल्या शेळ्या जळाल्या. एका म्हाताऱ्याने दार अडवलं तर माझ्या शेजारच्या माणसाने त्याच्या हातावर कुऱ्हाड मारली. हात कोपरापासून लोंबत असताना तो म्हातारा आत जाऊन गादीखालचं काहीतरी शोधत होता. मी काडी लावली नाही. मी बादल्या उलट्या करत होतो. विहिरीकाठच्या भरलेल्या बादल्या. मला तेच काम दिलं होतं आणि मी ते केलं.

कॅम्पातली माणसं दवाखान्यात शिरली होती. आम्ही पोचलो तेव्हा ओटा, अंगण, खोल्या, सगळं भरलेलं. फाटकाला साधी आडकाठी होती, म्हैससुद्धा रेटून आत गेली असती. वर ते पांढरं निशाण, वारा नसल्यामुळे काठीला चिकटलेलं. बाई फाटकात एकटी उभी होती. तिच्या झग्यावर रक्त होतं, त्या म्हाताऱ्याच्या हाताचं असेल. मी तिच्यामागे शिबूला पाहिलं. तो बहिणीचं तोंड दाबून बसला होता, तिने ओरडू नये म्हणून. त्याने मला पाहिलं.

काका म्हणाला, "बाई, बाजूला हो. तुह्याशी भांडण नाई आमचं."

बाईचा चेहरा पांढरा फटक होता. ती काही तरी बोलू पाहत होती, कदाचित त्या निशाणाबद्दल, तिच्या देशाबद्दल. पण शब्द सापडेनात. मग तिच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते रोजचंच होतं. अगदी रोजच्याच आवाजात.

"कुऱ्हाडी तिथी ठेवा जी. मंग या."

माझ्या पुढे एक वयस्क माणूस होता, त्याच्या नातवाला बाईने काविळीतून उठवलं होतं. त्याचा हात खांद्यावर गेला, त्याने कुऱ्हाड उतरवली आणि बांबूच्या खाचेत अडकवली. अडकवल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. तो तिच्याकडे पाहतच राहिला. पण तोवर दुसऱ्याने ठेवली होती, तिसऱ्याने ठेवली होती. लोखंडाला लोखंड लागून खणखण आवाज येत होता. मी बापाची कुऱ्हाड ठेवली. रिकाम्या हातांची माणसं पाहता पाहता घामट, दमलेली, ओळखीची दिसू लागली. काका ओरडत राहिला, "काय करून राह्यले बे? हिजडे हो!" त्याचं वल्हं त्याच्या हातात तसंच होतं, पण त्याच्या बाजूला आता कोणी नव्हतं.

आज टीव्हीवर कुठल्या तरी देशात दवाखान्यांवर बॉम्ब पडलेले दाखवतात. अशा खुणेच्या छपरावर मारायचं नाही असं म्हणे सगळ्या जगाने बसून कबूल केलेलं आहे. आम्हाला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तरी आम्ही थांबलो नसतो. आम्हाला त्या बांबूने थांबवलं, इतक्या वर्षांच्या तापांनी आणि बाळंतपणांनी. म्हणून त्या कबुलीला मी हसत नाही. मला वाटतं, ती रोज फाटकात म्हणावी लागते, कोणी मारायला येण्याच्या पुष्कळ आधीपासून.

बाईने शिबूच्या आईला विचारलं, हारान कुठे. मग तिने आमच्याकडे वळून विचारलं. मी म्हणालो, "पाळीवर." बाईने ओट्यावरची खाट दाखवली. "हात रिकामे झाले ना? मंग उचला." त्यांच्यातल्या कोणाला फाटकाबाहेर पडता येणार नव्हतं, ते तिला कळत होतं. मी, तो वयस्क माणूस आणि आणखी दोघं खाट घेऊन गेलो.

हारानकाका जिवंत होते. तोंडाजवळच्या मातीत रक्ताचे बुडबुडे येत होते. आम्ही त्यांना उचललं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मी डोक्याच्या बाजूला असल्यामुळे त्यांना मीच दिसलो. त्यांना मी मारताना दिसलो होतो की नाही, मला माहीत नाही. "रामू," ते म्हणाले, "जाल पानी में है. उठा लेना. सड जाएगा." मी हो म्हणालो. अर्ध्या वाटेवर खाट जड झाली. मेलेला माणूस जड होतो हे खरं आहे. आम्ही त्यांना फाटकातून आत नेलं आणि बाईने मानेला हात लावून पाहिला. शिबूची आई रडली नाही. तिने पदर ओला करून त्यांच्या तोंडावरची माती पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि ट्रक आले. कॅम्प पुन्हा ट्रकांत भरला गेला, दूर दुसरीकडे. ट्रक निघायच्या आधी त्या परदेशी संस्थेचा एक माणूस आला होता म्हणतात. त्याने ट्रकात बसलेल्या बायकांना त्यांच्या मुलखात त्यांच्यावर काय गुदरलं ते विचारलं. इथलं विचारलं की नाही ते मला माहीत नाही. आम्हाला पोलिसांनी विचारलं. सगळ्या गावाने एकच सांगितलं, कोणी मारलं ते पाहिलं नाही, आणि मी सांगितलं की आम्ही खाट घेऊन गेलो तेव्हा माणूस मेलेलाच होता. जिवंत होता म्हटलं असतं तर काय बोलला असं विचारलं असतं. सगळे सुटले. तलाव अख्खा आमचा राहिला. काका म्हातारा होऊन अंथरुणात मेला, मी त्याला पाणी पाजलं. मायने पुन्हा अंबाडी लावली नाही. घरात दोर वळण्याचा आवाज त्या वर्षी बंद झाला.

हारानकाकांचं जाळं मी ते गेले त्याच संध्याकाळी पाण्यातून काढलं होतं. दरवर्षी मी ते सावलीत वाळवायचो, उंदरांनी कुरतडलं की सांधायचो. बायकोने एकदाच विचारलं कोणाचं, मी सांगितलं. मग तिने त्याला कधी हात लावला नाही. पन्नाशी उलटल्यावर चामोर्शीच्या बाजारात मत्स्यबीज विकणाऱ्या एका बंगाल्याकडून मला शिबूचा पत्ता लागला. मी जाळं पोत्यात घालून गेलो. शिबूचे केस पांढरे झालेत. त्याने मला लगेच ओळखलं, मुलीला चहा टाकायला सांगितला आणि खाटेवर बसवलं. मी सगळं सांगितलं. वल्हं, बादल्या, पोलीस. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "तू खाट आणली, तवा बाबा जित्ता होता?"

"हो."

"काय बोलला?"

मी सांगितलं. त्याच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. "मरताना पण जाल," तो म्हणाला.

त्याने पोत्यातून जाळं काढून मांडीवर पसरलं आणि बोटांनी एकेक घर चाचपत गेला. "ही गाठ तुझी. ही तुझी. ही पण. आमी असा गाठ मारत नाई." बराच वेळ तो शोधत होता. मी इतकी वर्षं सांधत आलो होतो की हारानकाकांची एकही गाठ उरली नव्हती. मग त्याने आतून सुरी आणली आणि कडेच्या शिशाच्या गोळ्या एकेक कापून काढायला लागला. काढायचा, तळव्यावर धरून पाहायचा आणि चहाच्या रिकाम्या कपात टाकायचा. त्याची मुलगी दारात उभी राहून पाहत होती. सगळ्या काढून झाल्यावर त्याने जाळं नीट घडी करून पोत्यात घातलं आणि पोतं माझ्यापुढे ठेवलं.

"एवढा बाबाचा होता," तो म्हणाला. "बाकी तुझा. घेऊन जा."